चारित्र्य पडताळणी : वागणूक, कर्ज आणि संरक्षण कारखान्याचे गेट

संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत कामाला लागणाऱ्या माणसाची परीक्षा दोनदा होते. एक परीक्षा हातातल्या कसबाची. ती आयटीआयच्या किंवा इंजिनिअरिंगच्या गुणपत्रिकेवर आणि ट्रेड टेस्टवर निभावते. दुसरी परीक्षा पूर्ववृत्ताची असते. हा माणूस कुठे राहिला, कुणाशी भांडला, पोलिसांच्या वहीत त्याचे नाव कधी आले का, त्याने कर्ज किती काढले आणि फेडले का, हे तीत पाहतात. तिच्यासाठी अभ्यासक्रम नसतो. बहुतेक उमेदवार तिची तयारी करत नाहीत आणि नापास झाल्यावरच ती झाल्याचे त्यांना कळते.

पिंपरी-चिंचवड परिसरात ही दुसरी परीक्षा हजारो घरांच्या ओळखीची आहे. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची, आणि तिच्या शेजारीच हाय एक्सप्लोझिव्ह फॅक्टरी. देहूरोडला आयुध निर्माणी आणि लष्कराचा डेपो आहे, दिघीला डीआरडीओची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, दापोडीला लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पाषाणच्या प्रयोगशाळा नदीपलीकडे, पण तिथले कर्मचारी सांगवी-पिंपळेपर्यंत राहतात. अलीकडच्या काळात या सरकारी आस्थापनांच्या जोडीला खासगी कारखाने आले. तळेगावला एल अँड टीचे संरक्षण संकुल उभे राहिले. भोसरी आणि चाकणच्या एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या उद्योजकांनी त्याच मशिनवर तोफांचे आणि क्षेपणास्त्रांचे भाग घ्यायला सुरुवात केली. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे. त्यात ‘निषिद्ध स्थळ’ या संज्ञेखाली शस्त्रागार आणि दारूगोळ्याचे कारखाने मोडतात, आणि अशा स्थळी जाण्याची मोकळीक कुणालाही आपोआप मिळत नाही.

अमेरिकेत या मोकळिकीला स्वतंत्र कायदेशीर रूप आहे. तिथे व्यक्तीला ठरावीक पातळीची ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ मिळते, ती नाकारली तर लेखी कारणे मिळतात, आणि तपासाचे तेरा निकष जाहीर आहेत. २०१७ पासून लागू असलेल्या त्या निकषांत ‘व्यक्तिगत वर्तणूक’ आणि ‘आर्थिक बाबी’ असे दोन वेगळे मथळेच आहेत. भारतात असे एकच कार्ड नाही. कागदपत्रांना टॉप सीक्रेटपासून रिस्ट्रिक्टेडपर्यंत श्रेणी आहेत, पण माणसाची पात्रता अनेक कागदांत विखुरलेली असते : नेमणुकीच्या वेळचा साक्षांकन नमुना, पोलिसांचा पडताळणी अहवाल, सेवेतले वर्तणूक नियम, सुरक्षा अधिकाऱ्याने दिलेला आणि कधीही काढून घेता येणारा गेटपास. यांतला प्रत्येक कागद वेगळ्या टेबलावर तयार होतो. म्हणून एका ठिकाणी निभावलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी अडते, आणि का अडली हे सांगायला कुणी बांधील नसते.

यांत सर्वांत महत्त्वाचा कागद साक्षांकन नमुना. केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झालेल्या प्रत्येकाला तो भरावा लागतो. खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरेल, असा इशारा नमुन्याच्या सुरुवातीलाच असतो. पुढे मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षभराहून अधिक वास्तव्य झाले तिथले पत्ते विचारलेले असतात. थेरगावात जन्मून थेरगावातच वाढलेल्याला ही एका ओळीची गोष्ट. बीडहून किंवा गोरखपूरहून चाकणला आलेल्या आणि मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे अशा ठिकाणी खोल्या बदलत गेलेल्या कामगाराला मात्र या रकान्यात घाम फुटतो. भाडेकरार नोंदवलेला नसतो, घरमालकाने पोलिसांना भाडेकरूची माहिती दिलेली नसते, आणि पोलीस चौकशीला गेले की शेजारी ‘ओळखत नाही’ म्हणतात. गुन्ह्याचा मागमूस नसताना केवळ पत्ता न जुळल्याने अहवाल रखडतो. पडताळणी मूळ गावच्या पोलिसांकडेही जाते, त्यामुळे गावाकडचा बांधावरचा जुना वाद भोसरीच्या नोकरीत येऊन उभा राहतो.

त्याच नमुन्यात पुढचे प्रश्न येतात : कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड झाला का, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेतले गेले का, परीक्षेतून किंवा महाविद्यालयातून काढले गेले का, सध्या एखादे प्रकरण कोर्टात आहे का. हे प्रश्न ‘शिक्षा झाली का’ एवढ्यावर थांबत नाहीत, हे लक्षात न आल्याने माणसे फसतात. गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या आधी पोलिसांनी केलेली प्रतिबंधक कारवाई, जिला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात, तिला कुणी गुन्हा समजत नाही. तहसीलदारापुढे किंवा पोलिसांच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे सही करून माणूस घरी येतो आणि विसरतो. पण ते बंधपत्रच आहे आणि नमुन्यातला प्रश्न नेमका त्याच्याचबद्दल आहे. उलट अदखलपात्र तक्रारीची, म्हणजे ‘एनसी’ची, भीती लोकांना उगाच जास्त वाटते. तिच्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत.

पोलिसांकडची नोंद कुठे सापडेल हेही या पट्ट्यात सरळ नाही. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. त्याआधी पिंपरी, भोसरी, निगडी ही ठाणी पुणे शहराकडे होती, तर चाकण, देहूरोड, तळेगाव, आळंदी पुणे ग्रामीणकडे. आज अर्ज ऑनलाइन होतो आणि पडताळणी आयुक्तालयातून होते, परंतु दहा वर्षांपूर्वीच्या नोंदी ज्या घटकाने केल्या तो घटक दुसरा होता. गुन्ह्यांच्या संगणकीय जाळ्यामुळे ही दरी बुजत चालली आहे. ‘तिकडच्या ठाण्यातली केस इकडे कुणाला दिसणार’ हा हिशेब त्यामुळे आता चुकतो.

या हिशेबाचा फटका बसू शकेल अशी एक घटना आयुक्तालय सुरू होण्याच्या जेमतेम पंधरवडा आधीची आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ३० जुलै २०१८ रोजी चाकणच्या बंदला हिंसक वळण लागले, बस आणि इतर वाहने जाळली गेली, जमावबंदी लागू झाली आणि मोठ्या संख्येने लोकांवर गुन्हे दाखल झाले. आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकारे वेळोवेळी घेतात, आणि तरुण मुले ‘केस मिटली’ असे धरून चालतात. सरकारच्या निर्णयाने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. ती मिळाली तरी ‘कधी अटक झाली होती का’ या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. खटला मागे घेतल्याचा आदेश जोडून ‘होय’ लिहिणारा उमेदवार विचाराच्या कक्षेत राहतो, ‘नाही’ लिहिणारा त्याच क्षणी नवा दोष ओढवून घेतो.

हा फरक न्यायालयांनी सावकाश घडवला. २००३ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवणाऱ्याला नोकरीवरून काढणे योग्य ठरवले. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या संदीप कुमार यांच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने तरुणपणीच्या चुकांकडे मोकळ्या मनाने पाहायला सांगितले, आणि न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालपत्रात कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. निकाल असे दोन्ही बाजूंना झुकत गेल्याने प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि २१ जुलै २०१६ रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालात त्याची घडी बसली. तरुण वयात घोषणा देण्यासारखे क्षुल्लक प्रकरण दडवले असेल तर नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नेमणूक रद्द करू शकतो. संशयाचा फायदा देऊन निर्दोष सुटलेल्याचे पूर्ववृत्त तो एकूण पाहू शकतो. खरे सांगणाऱ्यालाही नोकरी देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. नोकरीत कायम झालेल्याला मात्र खातेनिहाय चौकशीशिवाय काढता येत नाही. आणि नमुन्यात जे स्पष्ट विचारलेच नव्हते, ते सांगितले नाही म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही.

पदाचे स्वरूप पाहून हे सारे ठरवायचे आहे, असेही त्या निकालात आहे, आणि संरक्षण कारखान्यांच्या दृष्टीने तेच कलम वजनदार. कँटीनच्या मदतनीसाला जी सूट मिळेल ती स्फोटके भरणाऱ्या विभागातल्या कामगाराला मिळेलच असे नाही. बस जाळल्याचा आरोप ‘घोषणा दिल्या’ या सदरात बसवता येणार नाही, हेही उघड आहे.

पैशाचा प्रश्न येतो तो वेगळ्या वाटेने. कर्ज हा गुन्हा नाही; गृहकर्जाशिवाय मोशी-चिखलीत आज कुणाचे घर होत नाही. सुरक्षा यंत्रणेला चिंता असते ती कर्जामुळे माणूस कुणाच्या हातात जातो याची. सीआयएच्या अ‍ॅल्ड्रिच एम्सने १९८५ मध्ये सोव्हिएत हेरखात्याला पहिली माहिती विकली तेव्हा त्याच्या डोक्यावर देणी होती. १९९४ मध्ये तो पकडला गेला तोवर त्याने पाच लाखांहून अधिक डॉलरचे घर रोखीने घेतले होते, तरी वर्षानुवर्षे कुणी पुरेसे विचारले नव्हते. आधी ओढगस्त आणि मग न पटणारी सुबत्ता, या दोन्ही खुणा त्या एका माणसात होत्या.

भारतातल्या नियमांत याच दोन खुणा दोन स्वतंत्र नियमांत आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ चे. त्यांतला नियम १७ सांगतो की कर्मचाऱ्याने आपले खासगी व्यवहार असे सांभाळावेत की सवयीचा कर्जबाजारीपणा आणि दिवाळखोरी टळेल. वसुलीचा दावा दाखल झाला तर त्याने तो वरिष्ठांना कळवायचा असतो. कर्ज आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाले, उधळपट्टीने नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. घरातल्या आजारपणाचा खर्च आणि दारू-जुगाराचा खर्च यांत नियम फरक करतो, पण तो फरक कागदांनी दाखवावा लागतो. नियम १८ मिळकतीबद्दल आहे : दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून जास्त किमतीची जंगम वस्तू घेतली किंवा विकली तर महिनाभरात कळवायचे, जमीन किंवा सदनिकेच्या व्यवहाराची पूर्वसूचना द्यायची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. देहूरोड आणि खडकीचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. जुने कर्मचारी प्रतिनियुक्तीवर धरले गेल्याने त्यांना हे नियम सुटले नाहीत.

कामगार वस्तीतले कर्ज मात्र या नियमांच्या भाषेत बोलत नाही. ते पतपेढीचे असते, भिशीचे असते, हातउसने असते, आणि सर्वांत फसवे म्हणजे दुसऱ्याचे असते. शॉपमधल्या मित्राने पतपेढीतून कर्ज काढताना दोन जामीनदार लागतात आणि ‘सही तर करायची आहे’ म्हणून माणूस सही करतो. मित्राने हप्ते थकवले की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो. त्याला सगळे ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात, आणि त्यावर जामीनदाराचेही नाव असते. मग वसुली अधिकाऱ्याचे पत्र कारखान्याच्या पगार विभागात येते. स्वतः एक रुपया न उचलता माणूस कर्जबाजारी म्हणून नोंदला जातो. खडकी-देहूरोडच्या जुन्या वसाहतींत जामीनकी नाकारणे म्हणजे मैत्री तोडणे, त्यामुळे हा सापळा कुणी टाळत नाही, फक्त नशिबावर सोडतो.

दुसरा सापळा चेकचा. खासगी सावकार किंवा फायनान्सवाला कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवतो. तो चेक वटला नाही की पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फिर्याद थेट न्यायालयात होत असल्याने पोलीस ठाण्यात एफआयआर नसतो आणि पोलीस अहवाल स्वच्छ येऊ शकतो. साक्षांकन नमुन्यातला ‘न्यायालयात प्रकरण प्रलंबित आहे का’ हा प्रश्न मात्र त्याला धरतो. पैशाची अडचण अशी वागणुकीच्या रकान्यात येऊन बसते, आणि स्वच्छ पोलीस अहवालावर विसंबून ‘नाही’ लिहिणारा माणूस दोन्हीकडून सापडतो.

पत अहवाल, ज्याला सगळे ‘सिबिल’ म्हणतात, संरक्षण कारखान्यांच्या भरतीत बँकांइतका रुजलेला नाही. स्टेट बँकेच्या जाहिरातींत कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला उमेदवार अपात्र असल्याची अट असते, आणि अशा कारणाने रद्द केलेली नेमणूक २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने योग्य ठरवली. या अहवालाचा गुणांक ३०० ते ९०० असतो. पण तपासणाऱ्याची नजर गुणांकापेक्षा शेऱ्यावर जाते. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेले कर्ज ‘सेटल्ड’ दिसते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’. कर्ज घेणाऱ्याला दोन्ही सुटकाच वाटतात. मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपनी यात भर घातली आहे. पाच हजारांची उचल फेडायला दुसरे अ‍ॅप, त्याला तिसरे, आणि वसुलीवाल्याच्या हातात फोनमधले सगळे क्रमांक. गोपनीय कामावरच्या माणसाच्या फोनची यादी अनोळखी टोळीकडे जाणे ही त्या पाच हजारांहून कितीतरी मोठी गोष्ट आहे.

पैसा फार आला तरी प्रश्न येतो. पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ड्रीम इलेव्हन या खेळात दीड कोटी रुपये जिंकले आणि आठवड्याभरात तो निलंबित झाला. त्याच्यावर ठपका होता तो परवानगीशिवाय असा खेळ खेळल्याचा आणि गणवेशात माध्यमांशी बोलल्याचा. पैसे उघड मार्गाने आले होते, कुणाला फसवून नव्हे. तरी शिस्तीच्या दलात पैसा कसा आला आणि तो कसा मिरवला, या दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. शेअर बाजारातल्या सट्ट्यालाही वर्तणूक नियमांत मनाई आहे, आणि वारंवार खरेदी-विक्री हाच सट्टा मानला जातो. कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करणाऱ्यांना हे क्वचितच ठाऊक असते.

चाकण-तळेगावात आणखी एक सुबत्ता आहे : एमआयडीसीत गेलेल्या जमिनीचा मोबदला. फिटरच्या पगारावर असलेल्या माणसाच्या दारात मोठी गाडी दिसली तर बाहेरच्याला ती संशयास्पद वाटेल. गावातल्याला माहीत असते की गट नंबर कोणता आणि संपादन कधी झाले. पडताळणी करणारा बाहेरचाच असतो. सातबारा, निवाड्याची प्रत आणि बँकेचा उतारा जपून ठेवणाऱ्या कुटुंबाला उत्तर द्यायला काही क्षण लागतात. वाटणी तोंडी झालेल्या कुटुंबाला ते जड जाते.

नोकरी लागली म्हणजे पडताळणी संपली, असे कुणी समजू नये, हे दिघीच्या प्रकरणाने दाखवले. मे २०२३ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तिथल्या संशोधन संस्थेचे संचालकपद भूषवलेल्या शास्त्रज्ञाला शासकीय गुपिते कायद्याखाली अटक केली. समाजमाध्यमावर स्त्री म्हणून वावरणाऱ्या पाकिस्तानी हस्तकाला माहिती पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. पण अनेक दशकांची सेवा, वरचे पद आणि प्रवेशाच्या वेळचा स्वच्छ अहवाल असलेल्या माणसाबाबतही प्रश्न उभा राहू शकतो, एवढे त्यातून दिसतेच. शासकीय गुपिते कायद्याच्या कलम ४ नुसार परकीय हस्तकाशी संपर्क हा हेरगिरीच्या खटल्यात ग्राह्य पुरावा ठरतो. त्यामुळे अनोळखी परदेशी क्रमांकावरून आलेली मैत्री पहिल्याच दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याला कळवणारा आणि सहा महिन्यांनी घाबरून कळवणारा, यांच्या स्थितीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लाज हे इथे सर्वांत मोठे कुलूप असते. ज्या गोष्टीची माणसाला घरी वाच्यता होण्याची भीती वाटते, तिचाच वापर दबावासाठी होतो. म्हणूनच विवाहबाह्य संबंध, व्यसन, गुप्त देणे यांकडे सुरक्षा यंत्रणा नीतीच्या नजरेने पाहत नाही, ती फक्त त्यांचा कुणी वापर करू शकेल का ते तपासते. परदेशी नागरिकाशी विवाह केल्यास कळवण्याचे बंधन वर्तणूक नियमांत आहे, तेही याच कारणाने.

खासगी कारखान्यांसाठी संरक्षण उत्पादन विभागाने २०१४ मध्ये सुरक्षा पुस्तिका काढली. तिच्यात उत्पादनांच्या तीन श्रेणी आहेत. रणगाडे, रडार, शस्त्रास्त्रे यांसारखी संवेदनशील उत्पादने ‘अ’ श्रेणीत, त्यांचे उपभाग बहुधा ‘ब’ श्रेणीत, आणि लष्करासाठी खास घडवलेल्या नसलेल्या सर्वसाधारण वस्तू ‘क’ श्रेणीत. श्रेणी चढते तशी कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, प्रवेशाचे नियंत्रण आणि संगणकांची शिस्त कडक होते. भोसरीच्या लहान उद्योजकाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण मोटारींच्या कामात ठेकेदाराची माणसे रोज बदलली तरी चालत होती. गेटवरच्या सुरक्षारक्षकाची पडताळणी तर खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे.

पडताळणीत अडकलेल्याला दाद मागायची वाट त्याच्या नोकरीच्या प्रकारावर ठरते. केंद्र सरकारचा कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, तिथून उच्च न्यायालयात. राज्याच्या सुरक्षेचे कारण पुढे आले तर चौकशीशिवाय काढण्याची तरतूदही सेवा नियमांत आहे, मात्र ती वापरण्याचा निर्णय फार वरच्या पातळीवर होतो. अहवाल चुकीचा असेल, नावसाधर्म्याने दुसऱ्याचा गुन्हा चिकटला असेल, तर त्या पोलीस ठाण्याकडून किंवा न्यायालयाकडून निकालाची प्रमाणित प्रत आणून दुरुस्ती करून घेता येते. निर्दोष सुटल्याची प्रत त्यासाठी त्याच वेळी काढून ठेवलेली बरी, कारण पंधरा वर्षांनी खेड किंवा वडगाव मावळच्या कोर्टात जुनी फाइल शोधणे हा वेगळाच व्याप होतो. ठेकेदाराच्या कामगाराला यांतले फारसे काही उपलब्ध नाही. त्याचा गेटपास सुरक्षा कार्यालय रद्द करते, कारण ठेकेदाराला कळवतेच असे नाही, आणि ठेकेदार त्याला दुसऱ्या दिवसापासून चाकणच्या एखाद्या मोटारीच्या शॉपमध्ये पाठवतो, जिथे पडताळणी लागत नाही.